दोन खोकल्यांचं तेल

दुबईहून परतलेल्या माणसाने काय काय सांगायचं याची यादी ठरलेली असते. इमारतींची उंची, रस्त्यांची सफाई, पोलिसांचा धाक, सोन्याचा भाव. यातलं मी काहीही सांगणार नाही. त्या सगळ्यात उंच इमारतीचा माझ्याकडे एकच फोटो आहे; त्यात इमारत निम्मी आणि माझा अंगठा पुरा आला आहे. मी गेलो होतो तेलाच्या भांडणासाठी. ज्यांनी दुबई पाहिली नाही त्यांच्यासाठी तेवढंच लिहितो. बाकीचं तुमच्या शेजाऱ्यांचा मुलगा सांगेलच, विचारलं नाही तरी.

भांडण असं आहे. बार्शीत माझे तीन लाकडी घाणे आहेत, दोन शेंगदाण्याचे आणि एक करडईचा. सोळाव्या वर्षी मी दुसऱ्याच्या पेढीवर तेलाचे डबे पाठीवर वाहत होतो. त्यामुळे तेलातलं काही मला कुणी शिकवावं अशी वेळ उरलेली नाही, असं माझं मत होतं. माझ्या बायकोचा, सुमनचा, धाकटा भाऊ संतोष जबल अलीच्या एका गोदामात सुपरवायझर आहे. गेल्या वर्षी त्याने कार्गोने ऑलिव्हच्या तेलाचा एक मोठा पत्र्याचा डबा पाठवला. पैसे घेतले नाहीत. व्यापारी माणसाला शंका यायची ती इथेच येते. फुकटचा माल दोन कारणांनी येतो. एक तर तो खराब असतो, नाहीतर पाठवणाऱ्याला पुढे काहीतरी मागायचं असतं.

डबा फोडून मी बोटावर तेल घेतलं. आधी कडवट लागलं, आणि गिळताना घशात मिरची घासल्यासारखी आग झाली. तेलाने घसा धरला की ते खवट आहे किंवा त्यात काहीतरी मिसळलं आहे, हे आमच्या धंद्यात कालचा गडीही सांगेल. तरी मी न्यायाने वागलो. उग्रपणा मरावा म्हणून तेल कढईत चांगलं कढवून पाहिलं. घरभर धूर झाला, सुमन खोकत अंगणात जाऊन उभी राहिली आणि तेल आधीपेक्षा वाईट झालं. शेवटी राहिलेलं दुकानाच्या शटरला घातलं. शटरपाशी डबा ठेवून फोटो काढला आणि नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, ‘मेहुण्याने दुबईहून खास वंगण पाठवलं आहे. शटर आता एका बोटाने उघडतं.’

ग्रुपवर सत्तेचाळीस माणसं आहेत. सगळी दोन दिवस हसली. संतोषने एक अक्षर लिहिलं नाही, गुपचूप ग्रुप सोडला आणि त्यानंतर माझा फोन उचलणं बंद केलं. म्हणजे माल मला खराब आला, धूर माझ्या घरात झाला, आणि रुसून बसला तो.

हे असंच चाललं असतं तर माझं काही अडलं नव्हतं. पण वैशाखात आमच्या पूजाचं लग्न ठरलं. मामाने नवरीला मांडवात आणायचं आणि मंगलाष्टकं संपेपर्यंत तिच्या पाठीशी उभं राहायचं, हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. पूजा म्हणाली, “संतोषमामा मागे नसेल तर मी अंतरपाटासमोर उभी राहणार नाही.” सुमन म्हणाली, “तुम्ही घालवलाय, तुम्हीच आणा. आणि फोनवर नको, फोनवर तुम्ही ओरडता.” समोरासमोर मी ओरडत नाही, असा तिचा समज पंचवीस वर्षांच्या संसारात कशावरून झाला, मला माहीत नाही.

त्याच सुमारास दुबईत खाद्यपदार्थांचं मोठं प्रदर्शन होतं. घाण्याच्या तेलाला परदेशी गिऱ्हाईक मिळतं का बघतो, असं गावात सांगितलं आणि निघालो. मेहुण्याला मनवायला विमानाने जातोय हे पेढीवर सांगण्याइतका मी अजून खाली उतरलो नव्हतो.

शुक्रवार : जबल अली

विमानतळावर संतोष आला नव्हता. फोनवर त्याने नकाशातली एक लाल खूण पाठवली होती. सख्ख्या बहिणीच्या नवऱ्याचं स्वागत म्हणून खूण वाईट नव्हती. निदान खरी निघाली.

देरा नावाच्या जुन्या वस्तीत मी खोली घेतली होती. पलंगावर बसलं की दार उघडता येत नाही आणि दार उघडलं की पलंगावर बसता येत नाही, अशी ती होती. टॅक्सीला मीटर असतो आणि मीटरशी घासाघीस करता येत नाही. करून पाहिली. ड्रायव्हर पेशावरकडचा होता. तो शांतपणे म्हणाला, “चाचा, ये मशीन है, इसका दिल नहीं होता.” तेवीस दिरहम झाले. तेवीस चोक ब्याण्णव करत मी मनातल्या मनात साडेपाचशेपर्यंत पोचलो आणि पुढचे दोन दिवस मेट्रोने फिरलो.

संध्याकाळी जबल अलीला गेलो. ज्यांना दुबई म्हणजे काचेचे मनोरे वाटतात त्यांनी इथे यावं. मैलोन् मैल गोदामं, एकावर एक रचलेले कंटेनर, आणि कामगारांना घेऊन येणाऱ्या कंपनीच्या बसेस. खिडक्यांना डोकी टेकून झोपलेली माणसं. आपल्या घरी येणारं अर्धं जग इथे आधी उतरतं; त्याचा चिकटपट्टीला आणि पत्र्याला येतो तसा वास सगळीकडे होता.

संतोष फाटकापाशी उभा होता. वाकून नमस्कार केला. रीत सोडली नाही, म्हणजे राग पक्का आहे, हे मी ओळखलं.

“बसा, दाजी,” खोलीवर नेल्यावर तो म्हणाला. “प्रवास बरा झाला?”

“विमानतळावर यायला हवं होतंस.”

“ड्युटी होती.”

“सुट्टी दिली नाही?”

“मागितली नाही.”

खोलीत चौघं राहतात. त्यातले एक सुलेमानभाई, गुहागरचे, बंदरावर क्रेन चालवतात. त्यांनी बाहेरून कागदी पेल्यांतून करक चहा आणला, दूध आटवून केलेला, वेलचीचा. दीड दिरहम पेला. “म्हणजे छत्तीस रुपये,” मी म्हणालो. “म्हणजे छत्तीस,” तेही म्हणाले. तिथे सगळेच असं मोठ्याने म्हणतात, जेवणाआधी श्लोक म्हणावा तसं. मग माझ्याकडे नीट बघून त्यांनी संतोषला विचारलं, “हेच काय ते शटरवाले दाजी?”

बार्शीबाहेर आपलं नाव व्हावं असं मला फार वाटायचं. झालेलं होतं.

मी विषयालाच हात घातला. “संतोष, ते तेल तुला दिलं कोणी, एवढंच सांग. तू फसलास, मी समजू शकतो. मी जाऊन त्या माणसाला बघतो.”

“अबू नबील. लेबनॉनचे आहेत. अल ऐनला बेकरी आहे त्यांची. त्यांच्या घरच्या झाडांचं तेल होतं.”

“घरच्या झाडांचं! सगळे हेच सांगतात. मीही सांगतो. चल, रविवारी घेऊन चल मला.”

“दाजी, त्यांना तुम्ही काही बोलणार असाल तर मी नेणार नाही.” तो पहिल्यांदाच सरळ माझ्याकडे बघत होता. “त्यांना मी काहीच सांगितलेलं नाही. ते दर महिन्याला विचारतात, घरच्यांना तेल आवडलं का? मी दर महिन्याला नवीन काहीतरी सांगतो. आधी म्हटलं, ताईला आवडलं. मग म्हटलं, पूजा भाकरीबरोबर खाते. आता पूजा नुसतं चमच्याने पिते, इथपर्यंत आलोय.”

“म्हाताऱ्या माणसाशी खोटं बोलतोस?”

“तुमच्यामुळे बोलतो.”

सुलेमानभाई पेल्यात बघत हसले. मी चहा संपवला.

“वैशाखात पूजाचं लग्न आहे.”

“कळलं.”

“येणार ना?”

“बघू,” संतोष म्हणाला. “इन्शाल्ला.”

त्या देशात तीन दिवस राहिलेल्या माणसालाही कळतं की प्लंबर, बँकवाला आणि मेहुणा इन्शाल्ला म्हणाला की दुसरी व्यवस्था बघावी.

शनिवार : प्रदर्शनाचा हॉल

एवढ्या मोठ्या हॉलला एवढी थंडी लावली होती की गोठवलेलं मटण बाहेर ठेवलं असतं तरी चाललं असतं. एका बाजूला सगळा भूमध्य समुद्राचा किनारा ओळीने उभा होता. स्पेन, इटली, ग्रीस, तुर्कस्तान, ट्युनिशिया. प्रत्येकाचा समुद्र वेगळ्या निळ्या रंगात छापलेला आणि प्रत्येकाचं तेल जगात सर्वांत चांगलं. मधे कुंडीत ऑलिव्हची खरी झाडं आणून ठेवली होती. खोड आपल्या जुन्या चिंचेसारखं पिळवटलेलं, पानं बारीक, वरून हिरवी आणि खालून राखाडी. फळ एकही नव्हतं. वाळवंटात त्यांना उभं राहायचं काम दिलं होतं, फळायचं नव्हे.

ट्युनिशियाच्या टेबलाशी एक पोरगी होती. तिच्या घरचे किनाऱ्यावरच तेल काढतात, असं तिने इंग्रजीत सांगितलं. इंग्रजी तिचंही माझ्याइतकंच होतं, त्यामुळे आमचं चांगलं जमलं. तिने निळ्या काचेच्या वाटीत घोटभर तेल ओतलं. काच निळी का, विचारलं. तेलाचा रंग दिसू नये म्हणून, रंगावरून माणूस फसतो, ती म्हणाली. आमच्याकडे माल बघूच न देणाऱ्याला दुकानदार म्हणत नाहीत. पण मी पाहुणा होतो.

वाटी तळहातावर धरून ऊब द्यायची, वास घ्यायचा आणि दातांमधून हवा ओढत मोठ्याने सुर्र करून तेल आत घ्यायचं. बशीतून चहा पिताना हा आवाज केला म्हणून लहानपणी मी आईचा मार खाल्ला आहे. इथे त्याचं शिक्षण देतात. मी सुर्र केलं, गिळलं, आणि घशात तीच आग झाली. अगदी तीच. गेल्या वर्षीचा धूर, शटर, सगळं डोळ्यांपुढे आलं. मी दोनदा खोकलो आणि ओरडलो, “मिलावट! ये भी मिलावट! सेम!”

हॉलमधली माणसं वळून बघायला लागली. पोरीने टाळ्या वाजवल्या. बाजूच्या टेबलावरचा तिचा सहकारीही टाळ्या वाजवायला लागला. “टू कफ्स!” ती आनंदाने म्हणाली. “एका खोकल्याचं तेल चांगलं, दोन खोकल्यांचं फार चांगलं. ब्राव्हो, हबीबी!”

मला वाटलं ही माल खपवायची युक्ती असेल. पण तिने नीट समजावून सांगितलं. फळ हिरवं असताना तोडून त्याच दिवशी तेल काढलं की ते असं घशाला लागतं. हिरव्या फळातून तेल कमी निघतं. लोभी माणूस फळ काळं होईपर्यंत थांबतो. मग तेल भरपूर येतं, पण त्यातला तिखटपणा गेलेला असतो. काढलेल्या तेलाचाही तिखटपणा महिन्यामहिन्याने उतरत जातो. न झोंबणारं तेल एक तर जुनं असतं, नाहीतर कारखान्यात धुतलेलं असतं. “आणि ते तापवून उग्रपणा जातो का?” मी जरा सहज विचारल्यासारखं विचारलं. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू लहान मुलाला कढवलं तर चालेल का, असं मी विचारलं होतं.

एकाच दुकानात विचारून भाव ठरवणारा माणूस व्यापारी नव्हे. मी खरं काय आहे तेही चार ठिकाणी विचारायचं ठरवलं. ग्रीक म्हाताऱ्याने स्वतःच पिऊन, खोकून दाखवलं आणि छाती ठोकली. स्पेनवाल्याने तेच सांगितलं. तुर्की बाईने तेच सांगितलं. शेवटी एका सुटातल्या इटालियनकडे अगदी गुळगुळीत, पाण्यासारखं तेल मिळालं. मला धीर आला. “हे खरं तेल!” मी म्हणालो. तो खाली वाकून हळूच म्हणाला, “सर, हे आम्ही ज्यांना ऑलिव्ह तेल आवडत नाही त्यांच्यासाठी काढतो.”

मी एक सँडविच घेऊन कोपऱ्यात बसलो. बावीस दिरहम, म्हणजे पाचशेच्या वर, आणि आत दोन पानं व एक टोमॅटो. खाताना नको ते आठवत होतं. माझे वडील शेंगाच्या चटणीत खड्डा करून करडईचं कच्चं तेल ओतून घ्यायचे आणि भाकरीने पुसून खायचे. ते तेल कुणी कढवलं असतं तर त्यांनी ताट भिरकावलं असतं. त्यांच्या मुलाने दुसऱ्याच्या घरचं कच्चं तेल कढईत घालून जाळलं होतं.

चूक कळली की माणूस नम्र होतो, असं म्हणतात. मला आधी राग आला. संतोषचाच. ‘घसा जळेल, घाबरू नका’ एवढी चिठ्ठी डब्याला चिकटवायला त्याचं काय जात होतं? हा राग मी तासभर पुरवून वापरला. मग तो संपला आणि हिशेब माझ्याच नावावर राहिला.

त्यावर तोडही मीच काढली. माफी मागायची नाही, ऑर्डर द्यायची. त्या अबू नबीलकडून वीस डबे घ्यायचे, रोख. त्याचा मान राहील, त्यामुळे संतोषचा मान राहील, आणि माझं तोंड बंदच राहील. फोन करून मी संतोषला म्हणालो, “उद्या नेच. मी त्यांना वाईट काही बोलणार नाही.”

“काहीच बोलू नका,” तो म्हणाला. “खा आणि मान हलवा.”

रविवार : अल ऐन

सुलेमानभाईंनी त्यांची गाडी दिली. दुबई मागे पडली की वाळू पिवळ्याची तांबूस होत जाते आणि मग एकदम रस्त्याच्या दोन्ही बाजूंना झाडी सुरू होते. अल ऐनला मनोरे नाहीत. बैठी घरं, रुंद रस्ते, गोल चौक, आणि भिंतींआड खजुरीच्या बागा; त्यांतून पाटाचं पाणी वाहतं. पाटाच्या पाण्याचा आवाज ऐकला आणि आल्यापासून पहिल्यांदा मला रुपयांत काही मोजावंसं वाटलं नाही.

अबू नबीलची बेकरी एका शाळेच्या मागे आहे. म्हणजे ते नबीलचे वडील. तिकडे थोरल्या मुलाच्या नावाने बापाला हाक मारतात. आपल्याकडे बायका नवऱ्याला ‘पूजाचे बाबा’ म्हणतात तसंच, फक्त इथे सगळं गाव म्हणतं. सत्तरीचा माणूस, कोपरापर्यंत पीठ, आवाज असा की भट्टीही दचकावी. संतोषला त्यांनी मिठी मारली, त्याचा शर्ट पांढरा केला, मग माझाही केला.

समोर ताट आलं. गरम फुगलेल्या रोट्या, आंबट चक्का, पुदिना, कच्चा कांदा, खारवलेली ऑलिव्हची फळं, तीळ आणि रानमरव्याच्या पाल्याचं सुकं मिश्रण. आपली सुकी चटणीच म्हणा. मध्ये खोलगट बशीत हिरवं तेल. भाकरी तोडावी तशी रोटी तोडली, तेलात बुडवली, चटणीत बुडवली आणि खाल्ली. घसा जळला. मी एकदा खोकलो. अबू नबीलने बोट वर केलं. दुसऱ्यांदा खोकलो. त्यांनी दुसरं बोट वर केलं आणि संतोषकडे बघून डोळे मिचकावले. खोटं बोलायचं कारण नाही. ते उत्तम होतं.

संतोषला नऊ वर्षांत कामापुरतं अरबी यायला लागलं आहे. अबू नबील बोलायचे आणि तो मला मराठीत सांगायचा. त्यांचं गाव डोंगरावर आहे, खाली समुद्र आणि मधल्या उतारावर झाडं. हिवाळ्याच्या तोंडाला सगळं घर झाडाखाली कापड अंथरतं आणि फळं हातांनी ओरबाडून खाली पाडतं. काठीने झोडपलं तर पुढच्या वर्षीची डहाळी मोडते, म्हणून काठी उचलणाऱ्याला त्यांची आई चपलेने मारायची. पोती त्याच दिवशी घाण्यावर न्यायची. आणि आपला नंबर येईपर्यंत घरातल्या एकाने पोत्यांवर बसून राहायचं; नाहीतर घाणेवाला दुसऱ्याची फळं आपल्यात मिसळतो.

“आमच्याकडे पण बसतात!” मी म्हणालो. “माझ्या घाण्यासमोर बायका शेंगदाण्याच्या पिशवीवर बसून असतात. माझ्यावर विश्वास नाही म्हणून.”

संतोषने ते सांगितलं. अबू नबील टेबलावर हात आपटून हसले. त्यांचा डबा सोळा किलोचा, तनका म्हणतात त्याला. आमचा पंधराचा. एक किलो ज्यादा का देता, मी विचारलं. ते म्हणाले, ते घरच्या माणसांना असतं, मोजतं कोण?

मला हीच वेळ बरी वाटली. “सांग त्यांना, वीस डबे घेतो. भाव बोला म्हणावं.”

संतोषचा चेहरा पडला. “दाजी, ते विकायचं नाही.”

“सगळे आधी असंच म्हणतात. विचार तर.”

त्याने विचारलं. अबू नबीलने जीभ टाळ्याला लावून च्यक् केलं आणि हनुवटी वर केली. मी पंचवीस म्हणालो. हनुवटी आणखी वर गेली. मी तीस म्हणालो आणि बोटंही दाखवली. तेव्हा त्यांनी हसणं थांबवलं, हात पुसले, आणि सावकाश काहीतरी सांगितलं. संतोष खाली बघत म्हणाला, “ते म्हणतात, ही झाडं एका वर्षी फळतात, एका वर्षी विसावा घेतात. मागचं वर्ष विसाव्याचं होतं. सगळ्या भावंडांत वाटणी होऊन त्यांच्या वाट्याला दोन तनके आले. एक त्यांनी ठेवला. एक मला दिला.”

“तुला का?”

“त्यांचे डबे आमच्या गोदामात दुसऱ्याच्या मालात गेले होते. मी सुट्टीच्या दिवशी शोधून काढले, एवढंच.”

म्हणजे वर्षाच्या तेलातला निम्मा हिस्सा. माझं शटर अजून एका बोटाने उघडतं.

तेवढ्यात अबू नबीलने मला थेट काहीतरी विचारलं. संतोषने नवी रोटी तोडायला घेतली. परत विचारलं. मग तो, डोक्यावर क्रेनचं ओझं लोंबकळत असावं तसा, म्हणाला, “विचारतात, तेल घरी सगळ्यांत जास्त कोणाला आवडलं?”

खा आणि मान हलवा, एवढंच मला सांगितलेलं होतं. पण तोंड माझं होतं. म्हाताऱ्याकडे बघत, चेहऱ्यावर कौतुक ठेवून मी मराठीत बोललो, “संतोष, यांना सांग, कुणालाच आवडलं नाही. कारण मी कुणाला चाखूच दिलं नाही. ते मी कढईत जाळलं.”

संतोषने माझ्याकडे पाहिलं. मग अरबीत बोलला. मला त्यात ‘पूजा’ ऐकू आलं आणि रोटीला ते म्हणतात तो शब्द. अबू नबीलने समाधानाने छातीवर हात ठेवला.

“पुढे?” संतोष म्हणाला. “आणखी सांगा म्हणतात.”

“राहिलेलं शटरला घातलं. आणि ज्या मालातलं मला काही कळत नाही, त्यावर सत्तेचाळीस जणांसमोर शहाणपण केलं.”

पुन्हा अरबी. म्हातारा खूश होऊन मान हलवत होता.

“विचारतात, चूक कोणाची?”

त्या क्षणी अबू नबील पाठ करून भट्टीवरच्या माणसावर ओरडत होते. त्यांनी काही विचारलं नव्हतं. दलाल मधे आपलं काही चढवतोय, हे मला कळतं; मी त्यातच मोठा झालो.

“माझी,” मी म्हणालो.

“किती?”

“बारा आणे.”

“दाजी.”

“चौदा. चिठ्ठी तू लिहायला हवी होतीस.”

तो रोटी खात राहिला.

“सोळा आणे,” मी म्हणालो. “तुझीही माफी मागतो. झालं?”

“इथे नाही. जिथे हसले तिथे.”

मी पुष्कळ ताणून पाहिलं. सुमनला फोन करतो म्हणालो, तिच्यामार्फत सगळ्यांना कळेल. नको. प्रत्येकाला वेगळं सांगतो. नको. बरं, फोटोशिवाय नुसतं लिहितो. “फोटोसकट,” तो म्हणाला. मी आयुष्यात पहिल्या भावाला हो म्हटलेलं नाही. इथे दुसरा भाव निघालाच नाही. ताटाचा फोटो काढला, त्यात अबू नबीलचा पिठाचा हातही आला. खाली लिहिलं, ‘संतोषने पाठवलेलं तेल अस्सल होतं, परीक्षा माझी खोटी होती. ज्यांच्या घरी वर्षाला दोन डबे आले त्यांनी एक आपल्याला दिला होता. मी तो वाया घालवला. संतोषची माफी मागतो.’ पाठवलं. मिनिटात हसणारी तोंडं यायला लागली. आमच्या सोयऱ्यांना हसायला दोन्ही वेळा सारखंच आलं.

संतोषने माझा फोन घेऊन वाचलं. परत दिला. “वैशाखात येतो,” तो म्हणाला. “दहा दिवस.”

“पंधरा कर.”

“दाजी.”

“बरं, दहा.”

निघताना अबू नबील आतून एक तनका खांद्यावर घेऊन आले आणि स्वतःच गाडीच्या मागच्या सीटवर ठेवला. हे वर्ष फळण्याचं होतं, पण किती आले ते मी विचारलं नाही. बाजारातलं थोडं हिंदी त्यांनाही येत होतं. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “ये शादी का. पूजा का. संतोष टिकट लिया, तब बोला, एक तनका रखो.”

“टिकट? टिकट कब लिया?”

त्यांनी पिठाची बोटं मोजली. “एक महीना. नहीं, दो महीना.”

संतोष लगबगीने गाडीचा आरसा पुसायला लागला होता.

गाव संपेपर्यंत मी स्वतःला आवरलं, म्हणजे चार मिनिटं. “दोन महिने? तिकीट काढून बसला होतास? मग परवा इन्शाल्ला कसलं म्हणालास? मला सगळ्या गोतावळ्यात नाक घासायला लावलंस!”

“भाची माझी आहे, दाजी. तिच्याशी माझं भांडण नव्हतं,” संतोष रस्त्यावरची नजर न काढता म्हणाला. “तिकीट तिच्यासाठी काढलं. मेसेज माझ्यासाठी लिहून घेतला.”

मी तोंड उघडलं. बोलायला माझ्याकडे बरंच होतं. पण पुढच्याच गोल चौकात गाडी वळली, मागचा डबा कलंडला, आणि त्याचं झाकण सैल होतं. संतोषने गाडी कडेला घेतली. मी उतरलो, मागे जाऊन बसलो, आणि जबल अली येईपर्यंत तो डबा दोन्ही गुडघ्यांत घट्ट धरून बसून राहिलो.